एमडीनंतर सरकारी कॉलेजात शिकवायला जावं का?

प्रश्न: मेडिसिनमध्ये एमडी झालो, सीनियर रेसिडेन्सीचं वर्ष संपत आलं आहे. एका जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळते आहे. दुसरीकडे तालुक्याच्या गावी मामांचं पंचवीस खाटांचं नर्सिंग होम माझी वाट बघतंय. शिकवायची आवड आहे, पुढे एखादा विभाग किंवा संस्था नीट चालवावी असंही वाटतं. पण चांगला डॉक्टर, चांगला शिक्षक आणि चांगला प्रशासक हे तिन्ही एका माणसाला जमतं का, की एकासाठी बाकीच्या दोहोंचा बळी द्यावा लागतो?

उत्तर:

जमतं. पण तिन्ही एकदम सुरू होत नाही. त्याला एक क्रम आहे, आणि तो उलटा धरलेली माणसं धड डॉक्टर राहिली नाहीत आणि धड प्रशासकही झाली नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे. १९८८ साली मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात लेक्चरर म्हणून लागले. २००८ मध्ये एमपीएससीतून सरकारी सेवेत प्राध्यापक झाले, जिल्ह्याच्या ठिकाणी विभागप्रमुख म्हणून काम केलं आणि निवृत्त होण्याआधीची चार वर्षं अधिष्ठाता, म्हणजे कॉलेजची डीन होते. तुमच्या प्रश्नाला थेट हात घालायचा तर आधी माझीच एक चूक सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही.

विभागप्रमुख झाल्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजची तपासणी यायची होती. खाटा मोजा, हजेरीपत्रकं तपासा, शिक्षकांचे दाखले लावा, ग्रंथालयाच्या याद्या करा. सकाळी नऊलाच मीटिंग लागायची. मी सकाळचा राऊंड सहयोगी प्राध्यापकांवर सोपवला, मग त्यांनाही कमिट्यांत ओढलं गेलं आणि राऊंड रजिस्ट्रारच्या गळ्यात पडला. सव्वा वर्ष मी आठवड्यातून एकदा वॉर्डात जात होते, तेही घड्याळाकडे बघत. त्याच पावसाळ्यात एका पहाटे सतरा वर्षांच्या मुलाला पोटात कळा येतात म्हणून आणलं. आईवडील शेतमजूर, घरात सगळे जमिनीवर झोपलेले. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. कॅज्युअल्टीतल्या इंटर्नने पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, सर्जरीला कॉल पाठवला, सोनोग्राफी लिहिली. दोन तासांनी मुलाच्या पापण्या उतरायला लागल्या. आई म्हणाली, रात्रभर जागा होता, झोप येतेय त्याला. सोनोग्राफीच्या रांगेत त्याचा श्वास थांबला. नळी घातली, व्हेंटिलेटरवर घेतलं, पण मेंदूला बराच वेळ ऑक्सिजन मिळाला नव्हता. चौथ्या दिवशी तो गेला.

मण्यार होती. मण्यारीचे दात इतके बारीक की खूण बहुधा सापडत नाही, आणि जागा दुखतही नाही. रात्री झोपेत चावते, पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येईना होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. जमिनीवर झोपलेला माणूस पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर त्याला ‘वर बघ’ म्हणायचं, उशीवरून मान उचलायला लावायची, एका दमात वीसपर्यंत आकडे मोजायला सांगायचे. या तिन्हीला एक मिनिट लागतं. हे पुस्तकात आहे, पण ते सर्पदंशाच्या प्रकरणात आहे. मुलगा आला होता पोटदुखी घेऊन. आदल्या पावसाळ्यात मी स्वतः हे राऊंडवर शिकवलं होतं, एका रुग्णाच्या खाटेशी उभी राहून. ती बॅच इंटर्नशिप संपवून निघून गेली. नव्या बॅचला ते सांगणारं कोणी त्या वॉर्डात उभंच नव्हतं.

डेथ मीटिंगमध्ये, म्हणजे रुग्णालयातल्या मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकीत, सगळे त्या इंटर्नकडे बघत होते. मी उठून म्हटलं की ही चूक त्याची नाही, माझी आहे, आणि का ते सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या विभागात अकराच्या आत मीटिंग नाही, असा नियम केला. अधिष्ठाता झाल्यावर तो सगळ्या कॉलेजला लावला. मंत्रालयातून फोन आला तरी ‘मॅडम राऊंडवर आहेत, अकराला फोन करतील’ असं उत्तर द्यायला माझ्या स्वीय सहायकांना सांगून ठेवलं होतं. कुणी रागावलं असेलही, पण त्या चार वर्षांत त्यावरून कोणतंही काम अडलं नाही.

म्हणून मला वाटतं, तुमच्या प्रश्नातली ‘बळी’ ही कल्पनाच थोडी बाजूला ठेवा. डॉक्टर, शिक्षक, प्रशासक या तीन वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत असं आपण धरतो आणि मग वेळेची वाटणी करायला बसतो. वॉर्डात उभं राहिलं की त्या वेगळ्या दिसत नाहीत. खाट क्रमांक सातच्या आजींना चौथ्या दिवशीही ताप का आहे, हा रुग्णाचा प्रश्न. तो ज्युनियर रेसिडेंटला का सुचला नाही, हा शिकवण्याचा. आणि परवा पाठवलेल्या ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू शोधणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट अजून का आला नाही, हा प्रशासनाचा. तिन्ही प्रश्न एकाच खाटेशी, पाच मिनिटांत उभे राहतात. जो तिथे रोज असतो त्याला तिन्ही दिसतात. नसतो त्याला प्रयोगशाळेकडून ‘सर्व काही सुरळीत’ असा कागद येतो.

कॅनडात जन्मलेल्या विल्यम ऑस्लरचं नाव तुमच्याही कानावरून गेलं असेल. आपल्याकडे त्याची वचनं भिंतींवर लावतात आणि त्याने काय केलं ते क्वचितच शिकवतात. १८७२ साली तो मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि पंचविशीतच तिथे शिकवायला लागला. त्या दहाएक वर्षांत त्याने शेकडो शवविच्छेदनं स्वतःच्या हातांनी केली. म्हणजे जिवंतपणी आपण काय म्हणालो होतो आणि खरं काय निघालं, याचा हिशेब तो रोज मांडत होता. पुढे फिलाडेल्फियात पाच वर्षं, आणि १८८९ मध्ये बाल्टिमोरला नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मेडिसिनचा प्रमुख. रुग्णालय सुरू झालं, पण कॉलेज सुरू करायला पैसे नव्हते. ते १८९३ पर्यंत रखडलं. त्या रिकाम्या काळात ऑस्लरने मेडिसिनचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते १८९२ मध्ये निघालं. कॉलेजचे पैसे शेवटी बायकांनी उभे केले. मेरी गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी देणगीला अट घातली की मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे आणि आधी पदवी घेतलेल्यांनाच घेतलं पाहिजे. पुरुष विश्वस्तांना ती मान्य करावी लागली. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा वाढवणारी ती अट डॉक्टरांनी घातलेली नव्हती, हे मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगत आले.

ऑस्लरने तिथे विद्यार्थ्याला व्याख्यानाच्या बाकावरून उठवून वॉर्डात आणलं. प्रत्येकाला रुग्ण नेमून दिले, हिस्टरी त्याने घ्यायची, लघवी त्याने तपासायची, नोंदी त्याने लिहायच्या. पदवीनंतरच्या डॉक्टरांना रुग्णालयातच राहून शिकायला लावलं. आपण ज्याला रेसिडेन्सी म्हणतो तिची घडी तिथे बसली. आपल्याबद्दल लोकांनी एवढंच लक्षात ठेवावं की याने विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं, अशी त्याची इच्छा होती. १९०५ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला आणि १९१९ मध्ये वारला. त्याचा एकुलता मुलगा पहिल्या महायुद्धात १९१७ साली मारला गेला होता. त्या धक्क्यातून तो पुरता सावरला नाही, असं त्याच्या ओळखीच्यांनी लिहून ठेवलं आहे.

त्याच्या पुस्तकाची एक हकिगत मला फार मोलाची वाटते. १८९७ च्या उन्हाळ्यात अमेरिकन तेलसम्राट रॉकफेलरचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी ते वाचून काढलं. ते डॉक्टर नव्हते. पानामागून पान वाचताना त्यांच्या लक्षात आलं की लेखक रोगाचं वर्णन अप्रतिम करतो, पण बहुतेक रोगांवर खात्रीचा उपाय नाही हे सरळ कबूल करतो. त्यातून त्यांना सुचलं की मग उपाय शोधणारी संस्था काढली पाहिजे, आणि १९०१ मध्ये रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. वर्गात ‘हे आपल्याला अजून माहीत नाही’ म्हणायला कचरणाऱ्या प्रत्येक तरुण शिक्षकाला मी हे सांगते. तुम्हीही राऊंडवर ते म्हणा. विद्यार्थ्यांचा तुमच्यावरचा विश्वास त्याने कमी होत नाही, उलट त्यांना शोधायला जागा मिळते.

आता आपल्याकडे या. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा माणूस मला जीवराज मेहता वाटतात. अमरेलीचे, १८८७ चा जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, मग लंडनला जाऊन एमडी झाले. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा गांधीजी लंडनमध्ये होते आणि त्यांना प्लूरसी (फुप्फुसाच्या आवरणाला सूज) झाली. उपचार करायला हेच तरुण डॉक्टर. त्यांनी दूध आणि धान्य घ्या म्हणून खूप आग्रह केला, गांधीजींनी दूध सोडलं होतं आणि ते ऐकेनात. तेव्हाही रुग्ण सोडून न देता त्याच्या व्रताच्या चौकटीत जे जमेल ते करत राहणं, हे नुसती पुस्तकं वाचून येत नाही. तुमच्या ओपीडीत असे रुग्ण रोज येतील.

मुंबईत तेव्हा मोठी अडचण वेगळीच होती. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट कॉलेजात भारतीय मुलं शिकत होती, उत्तम डॉक्टर होत होती, पण प्राध्यापकाच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिस या ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांकडे. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी शिकवायला त्याला जागा नाही. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून नव्या कॉलेजसाठी पैसे आले, तेव्हा विश्वस्तांनी अट घातली की इथे शिकवणारे लोक पात्र भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. परळला १९२६ साली केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं ते या अटीवर. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता, आणि १९४२ पर्यंत ते तिथे होते. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर केंद्रात आरोग्य खात्यात, मग मुंबई राज्यात मंत्री, आणि १ मे १९६० ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री.

आता त्यांचा क्रम नीट बघा. आधी रुग्ण, मग संस्था, मग राज्य. मुख्यमंत्री झालेला माणूस म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण मला त्यांची परळची सतरा वर्षं जास्त मोलाची वाटतात. भारतीय माणूस मेडिकल कॉलेज चालवू शकतो हे तेव्हा सिद्ध करून दाखवावं लागत होतं. त्यासाठी भाषणं पुरली नसती. रोजच्या रोज वॉर्ड चालायला हवा होता, परीक्षेला मुलं उतरायला हवी होती, मृत्यूची नोंद खरी लिहिली जायला हवी होती. मुंबईचे नावाजलेले डॉक्टर तिथे ऑनररी (मानद) म्हणून येत. सकाळी राऊंड आणि क्लिनिक, दुपारनंतर आपली प्रॅक्टिस. हातात नाममात्र पैसे. त्या पद्धतीत दोष होते, पण शहरातला सगळ्यात अनुभवी डोळा रोज सकाळी सगळ्यात गरीब रुग्णाच्या खाटेशी येत होता आणि विद्यार्थी ते बघत होते.

याच केईएममधल्या रुस्तम जाल वकीलांचं काम त्या खाटांवरून आलं. आपल्याकडे सर्पगंधा वैद्यांच्या वापरात पूर्वीपासून होती. वकीलांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन वर्षानुवर्षं काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निबंध लिहिला. तोपर्यंत पश्चिमेकडे रक्तदाब उतरवणारं चांगलं औषध जवळपास नव्हतंच. १९५७ मध्ये त्यांना लास्कर हा अमेरिकेतला मानाचा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला बढतीसाठी शोधनिबंध लागतील आणि कोणीतरी सल्ला देईल की पैसे भरून कुठल्या तरी जर्नलमध्ये छापून घे. घेऊ नका. तुमच्या ओपीडीत दर आठवड्याला जो आजार येतो त्याची वही आजपासून ठेवा. चार वर्षांनी ती वही म्हणजे तुमचा निबंध.

आणि नर्सिंग होमकडे जाणारा माणूस या सगळ्यातून बाद झाला, असं मी अजिबात मानत नाही. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर काम करत होते. कोकणात लाल विंचू चावला की घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी भरून तरणीताठी माणसं आणि लहान मुलं मरत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपलं. १९८२ मध्ये त्यांचं लिखाण लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि पुढे प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरात आणलं. विंचूदंशाबद्दल आज आपण वॉर्डात जे शिकवतो ते एका खेड्यातल्या दवाखान्यातून आलं आहे. शिकवायला कॉलेजचं नेमणूकपत्र लागतंच असं नाही. पण खरं सांगायचं तर बावस्करांसारखी चिकाटी फार थोड्यांकडे असते. बाकीच्यांना भोवती प्रश्न विचारणारी मुलं असली की टिकून राहणं सोपं जातं. मला तरी गेलं.

तिन्ही एकाच वेळी कसं धावून येतं हे मला पहिल्यांदा कळलं ते २००५ च्या ऑगस्टमध्ये. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. लाखो माणसं तासन्‌तास गुडघाभर, कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी गेली. दहाएक दिवसांनी तापाचे रुग्ण यायला लागले ते थांबेनात. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीतून पाण्यात जंतू, पायावरच्या जखमेतून शरीरात. मी तेव्हा सहयोगी प्राध्यापक होते. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये गादी, व्हरांड्यात गादी, जिन्याखाली गादी. सगळ्यांना ताप, आणि त्यातलं कोण दुपारी खोकताना रक्त टाकणार आहे ते ओळखायचं होतं.

पहिल्या दिवशी मी स्वतः एकेक रुग्ण बघत सुटले. संध्याकाळपर्यंत माझे जेमतेम साठ झाले आणि बाहेर तेवढेच उभे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या इंटर्नना एका रुग्णाभोवती उभं केलं आणि तीनच गोष्टी दाखवल्या. डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत. पोटरी दाबली की माणूस कळवळतो. आणि विचारा, काल रात्रीपासून लघवी किती वेळा झाली. तिन्ही प्रश्न एका कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहून दारावर चिकटवले. इंटर्न बाहेरच्या रांगेत गेले, रांगेचे दोन भाग झाले. ज्यांना लघवी कमी ते थेट आत. मग भांडण डायलिसिसचं. मशीन थोडी, तंत्रज्ञ एका पाळीचे. मी अधीक्षकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि तंत्रज्ञांची रात्रपाळी मंजूर होईपर्यंत उठले नाही. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींनी सुचवलं की लघवी मोजायला भांडी कमी पडतात, तर सलाइनच्या रिकाम्या बाटल्या कापून त्यावर खुणा करू. दुपारपर्यंत प्रत्येक गादीशी खुणांची बाटली होती. त्या एका कल्पनेने किती मूत्रपिंडं वेळेवर लक्षात आली ते सांगता येणार नाही, पण नेतृत्व कुणाकडून शिकले असं विचाराल तर मी त्या मावशींचं नाव आधी घेईन.

पुढे २०२० मध्ये करोना आला तेव्हा मी अधिष्ठाता होते, आणि पुन्हा तेच. नाकातून जोराने ऑक्सिजन देणारं यंत्र मिनिटाला साठ लिटरपर्यंत ओढतं. पूर्ण ऑक्सिजनवर ते दिवसभर चाललं तर एका रुग्णाला शहाऐंशी हजार लिटर. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार. म्हणजे एका माणसाला रोज बारा सिलिंडर. हा हिशेब खरेदी विभागाला करता येतो. पण कोणाला ते यंत्र खरंच हवं आहे, कोण पोटावर झोपवल्याने साध्या मास्कवर राहू शकेल, कोणाचा मास्क नीट बसलेला नाही म्हणून अर्धा ऑक्सिजन हवेत जातोय, हे वॉर्डात गेल्याशिवाय कळत नाही. आम्ही रुग्णांना पोटावर झोपवायला नर्सेसना शिकवलं, वॉर्डबॉय मामांना शिकवलं, बऱ्या होत आलेल्या रुग्णांना शेजारच्याला मदत करायला शिकवलं. रात्री दर दोन तासांनी टाकीचा गेज वाचून माझ्या फोनवर आकडा येत असे. त्या वर्षभरात मी खुर्चीत फार कमी बसले.

आता तुमच्यापुरतं सांगते. सध्याच्या नियमांनुसार असिस्टंट प्रोफेसर म्हणून चार वर्षं, मग सहयोगी म्हणून तीन वर्षं, त्यानंतर प्राध्यापक. वैद्यकीय शिक्षणाच्या तंत्राचा आणि संशोधनाचा असे दोन पायाभूत कोर्स लागतात, ते पहिल्या वर्षातच उरकून टाका. पहिली सात-आठ वर्षं फक्त रुग्ण आणि विद्यार्थी. कोणी गोड बोलून तुमच्यावर वसतिगृह, गॅदरिंग, खरेदी, सगळं टाकू लागेल, कारण तुम्ही तरुण आणि उत्साही आहात. त्यातलं एकच काम घ्या आणि ते नीट करा. माझ्या मते डेथ मीटिंग घ्या. तिथे सगळ्या विभागांच्या चुका एकत्र येतात आणि संस्था कुठे गळतेय ते दिसतं. ते मिळालं नाही तर औषधसमिती. इंडेंट (औषधांचं मागणीपत्र) कसं भरतात, औषध वेळेवर का येत नाही, हे तिशीत समजलं तर पन्नाशीत उपयोगी पडतं. विभागप्रमुखपदाची घाई करू नका. अधिष्ठातापदाची तर मुळीच नको.

शिकवण्याबद्दल एकच सांगते, कारण ते मला उशिरा उमगलं. मी पहिली दहा वर्षं फार बोलत असे. विद्यार्थ्याने केस मांडली की मधेच तोडून मीच पुढचं सांगायचे. मुलं खूश व्हायची, मॅडमना किती येतं म्हणायची, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गप्प बसायची. मग मी स्वतःला सवय लावली. प्रश्न विचारला की मनात वीस आकडे मोजायचे, कितीही अवघड वाटलं तरी. बहुतेक वेळा बाराच्या आसपास मागे उभी असलेली, कधीच न बोलणारी मुलगी उत्तर देते. आता एमबीबीएसचा अभ्यासक्रमही २०१९ पासून बदलला आहे, रुग्णाशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, हेही त्यात आलं. चांगलं झालं. पण ते वर्गात पडद्यावर शिकवलं तर कोरडं राहतं. तुम्ही स्वतः नातेवाइकांना खुर्ची देऊन, बसून, रुग्ण गेल्याचं सांगता तेव्हा दारात उभा असलेला इंटर्न ते आयुष्यभर विसरत नाही.

पैशाचं झाकून ठेवत नाही. मामांच्या नर्सिंग होममध्ये पाचव्या वर्षी तुम्ही जे कमवाल ते सरकारी पगारात निवृत्तीपर्यंत मिळणार नाही. सुरुवातीची नेमणूक तात्पुरती, १२० किंवा ३६४ दिवसांच्या ऑर्डरवर असू शकते. मधे एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. कायम होण्यासाठी एमपीएससीची जाहिरात येईपर्यंत थांबावं लागतं. कायम झाल्यावर बदली. माझ्या यजमानांनी आणि मुलीने माझ्या दोन बदल्या सोसल्या, आणि मुलीच्या दहावीच्या वर्षी मी दुसऱ्या जिल्ह्यात होते. ते वर्ष मला परत मिळालेलं नाही. घरच्यांशी आत्ताच, आकड्यांसकट बोला. ऑर्डर हातात आल्यावर बोललात तर उशीर होतो.

जमलं तर पुण्याच्या डॉ. बानू कोयाजींबद्दल माहिती काढा. १९४४ मध्ये त्या पुण्याच्या केईएममध्ये आल्या तेव्हा ते चाळीसेक खाटांचं होतं, त्यांच्या कारकिर्दीत ते शेकडो खाटांचं झालं. शहरातली रुग्णालयाची भिंत पुरेना म्हणून त्या वढूला गेल्या आणि गावच्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या मूळच्या प्रसूतितज्ज्ञ. १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘बाईमाणसाने संस्था चालवायची म्हणजे’ अशी सुरुवात करणाऱ्या किती वाक्यांना मी त्यांच्या उदाहरणाने उत्तर दिलं असेल, मोजलेलं नाही.

तेव्हा माझं उत्तर ‘जा’ असं आहे, पण डोळे झाकून नको. ती जागा स्वीकारण्याआधी एक दिवस कोणाला न कळवता त्या कॉलेजला जा. सकाळी आठला मेडिसिनच्या वॉर्डात उभे राहा. नऊपर्यंत कोणी प्राध्यापक राऊंडला येतात का ते बघा. आले तर ते केस पेपर उघडून रुग्णाशी बोलतात की फक्त रेसिडेंटशी, ते बघा. केस पेपरवर आदल्या रात्रीची नोंद कोणाच्या अक्षरात आहे, वेळ लिहिली आहे का, ते बघा. मग ग्रंथालयात जा आणि रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारा. शेवटची डेथ मीटिंग कधी झाली, हे रजिस्ट्रारला विचारा. तारीख पटकन आली तर चांगलं, ‘होईल या महिन्यात’ असं आलं तर समजून घ्या.

आणि निघताना सिस्टर इन्चार्जना भेटा. खुर्ची मागून घ्या, बसा, चहा नको म्हणू नका. त्यांना विचारा की रात्री दोनला रुग्ण बिघडला तर तुम्ही कोणाला फोन करता, आणि तो उचलला जातो का.